हिरव्या रंगाखालची गावं

आई,

तुझ्या दमोह जिल्ह्याच्या नकाशात एक चूक होती, हे मला कतारमध्ये कळलं. तेव्हा तुला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, त्यामुळे ते तुला सांगता आलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण तो नकाशा आता तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. आज सुट्टी आहे. तुझे जावई, ज्यांना तू पाहिलं नाहीस, बाजारात गेले आहेत. नात तिच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करते आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे, आणि खिडकीतून अल वक्राच्या नव्या इमारतींमधून समुद्राची एक बारीक पट्टी दिसते आहे.

तू कऱ्हाडहून लग्न होऊन थेट जबलपूरच्या पलीकडे दमोहला आलीस. आपल्या घराण्यातलं कोणीतरी मराठ्यांच्या राज्यात सागरच्या कचेरीत कारकून म्हणून आलं आणि परत गेलंच नाही, एवढाच आपला तिथला इतिहास. दोनशे वर्षांत घरातली मराठी बुंदेलीत इतकी कालवली गेली होती की सासरी पहिले सहा महिने तुला निम्मं बोलणं कळायचं नाही. कोणी हाक मारली की तू सवयीनं ‘काय?’ म्हणायचीस, आणि तिथे ‘काय’ म्हणजे ‘का’. शेजारच्या बायकांना वाटायचं, ही विचारते आहे की मला बोलावताच कशाला. हे तूच मला हसत सांगितलं होतंस. पण मला वाटतं, तेव्हा तुला हसू आलं नसणार. तुला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली, आणि चौथीला जिल्ह्याचा भूगोल-इतिहास शिकवायचं जे काम कोणाला नको होतं ते तुझ्या वाट्याला आलं. ज्या जिल्ह्यात तुला बाजारात भाव विचारायची चोरी, तो जिल्हा तिथेच जन्मलेल्या मुलींना शिकवायचा. दुसरी एखादी असती तर तिनं पुस्तक पाठ केलं असतं. तू दर रविवारी बस धरायला लागलीस.

मी पाच-सहा वर्षांची झाले तशी मला बरोबर न्यायला लागलीस. हट्टा, नोहटा, संग्रामपूरचं खोरं. तुझ्या पिशवीत डबा, एक वही आणि माझा स्वेटर. तू पुलावर उभी राहून गुराख्याला विचारायचीस की हे पाणी कुठून येतं, पुढे कुठे जातं, उन्हाळ्यात आटतं का, आणि त्यानं सांगितलेलं लिहून घ्यायचीस. संध्याकाळी घरी आल्यावर परातीत कणीक पसरून तू बोटानं नद्या काढतेस. ही सोनार, ही कोपरा, ही ब्यारमा. सोनारच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, गहू आणि हरभऱ्याची. खाली दक्षिणेला भांडेरचे डोंगर, तिथे कणकेचा ढीग. मी डोंगर मोडला की तू पुन्हा करतेस, आणि मग त्यातच पाणी घालून पोळ्यांची कणीक भिजवतेस. आजी म्हणायची की ही पोरगी नद्या खाऊन मोठी होणार.

मी चौथीत गेले त्या वर्षी मला तुझ्या वर्गात सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं. मी जिल्ह्यातल्या नद्यांची नावं एका दमात म्हणून दाखवली आणि सांगितलं की हे सगळं पाणी नर्मदेला जातं. नर्मदा मोठी, सगळ्यांना माहीत, म्हणून. तू वर्गात माझ्याशीही हिंदीतच बोलायचीस. तू शांतपणे म्हणालीस की दमोहचं पाणी उत्तरेला जातं, केनला, आणि केनमधून यमुनेला. ज्या मुलीला पाणी कुठे जातं हे कळत नाही, तिनं नावं घेऊ नयेत. मग तास संपेपर्यंत मी उभी. घरी आल्यावर मी तुझ्याशी बोलले नाही. तू मला गुळाचा खडा दिलास, पण चूक झाली असं म्हणाली नाहीस.

तो नकाशा तू मांजरपाटाच्या कापडावर रंगवला होतास आणि वर्गाच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगला होतास. गव्हाचा भाग पिवळा, डोंगर तपकिरी, नद्या निळ्या, आणि नोहट्याच्या पश्चिमेला ब्यारमाच्या वरच्या अंगाला एक मोठा हिरवा भाग. त्यावर तू चार झाडं काढली होतीस. इथे काय आहे असं विचारलं तर वर्गानं एका सुरात म्हणायचं, जंगल. इतिहास शिकवताना तू त्याच हिरव्यावर छडी ठेवायचीस. इथे आधी गोंडांचं राज्य होतं, मग बुंदेले आले, मग मराठे, मग इंग्रज. मध्ये इंग्रजांनी जिल्हाच मोडून सागर जिल्ह्यात घातला, आणि स्वातंत्र्यानंतर तो परत मिळाला. तुला हा शेवटचा भाग फार आवडायचा. जिल्ह्याची हद्द ही माणसांनी मारलेली रेघ असते, ती पुसताही येते, हे तू मुलींना दरवर्षी सांगायचीस.

मी कतारला आले ती यांच्या नोकरीमुळे. हे नाशिकचे, दुखानच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे पाइपलाइनचं काम पाहायचे, आणि मला दोहातल्या एका इस्पितळात रुग्णांच्या फायली सांभाळायचं काम मिळालं. तेव्हाचं वक्रा म्हणजे मासेमारांचं जुनं गाव, बाकी रिकाम्या जागा आणि वारा. गणपतीत, हळदीकुंकवाला पुण्या-मुंबईच्या बायका भेटायच्या. चांगल्या होत्या, पण माझं बोलणं ऐकून हसू दाबायच्या. मी ‘हो’ म्हणायच्या जागी ‘हओ’ म्हणते, हे मला तिथे कळलं. हळूहळू मी ते सोडलं. तू कऱ्हाडचं बोलणं सोडलंस तसंच, असं आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात वॉर्डातल्या सिस्टरनं मला खाली फोन केला. ती वसईची, वयानं माझ्याहून मोठी, इस्पितळातलं माझं एकमेव मराठी माणूस. म्हणाली की अगं बाय, वर ये जरा, एक माणूस आहे, हिंदीसारखं बोलतो पण हिंदीवाल्यांनाही कळत नाही. मी गेले. पन्नाशीचा, वाळलेला, उन्हानं काळवंडलेला माणूस खाटेवर बसला होता. दुखानच्या रस्त्याला आत वाळवंटात मेंढ्या राखायचा. पक्षाघातानं उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, आणि वाचाही जवळजवळ गेली होती. ऐकलेलं सगळं कळत होतं, पण शब्द तीन-चारच उरले होते. सिस्टरनं त्याला पाणी हवं का म्हणून खुणेनं विचारलं, आणि तो म्हणाला, ‘हओ’.

आई, मी खुर्ची ओढून बसले. मी त्याला बुंदेलीत विचारलं की तुम्ही कुठले, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, ‘बिन्ना.’ सिस्टरला वाटलं, हे माझं नाव आहे. मी तिला सांगितलं की आमच्याकडे बहिणीला, लेकीला असं म्हणतात.

अडचण अशी होती. ज्या मालकाकडे तो कामाला होता तो उन्हाळ्यापुरता परदेशी गेला होता. पंधरा दिवसांनी परतला तेव्हा स्वतः इस्पितळात आला. म्हातारा, नीटनेटका माणूस, खजुराचा डबा घेऊन. मोडक्या हिंदीत म्हणाला की यानं नऊ वर्षं माझ्या मेंढ्या राखल्या, एक कोकरू हरवलं नाही. तिकीट काढायला, बरोबर माणूस पाठवायला तो तयार होता. पण त्यानं आणलेल्या पासपोर्टवर जो पत्ता होता तो मुंबईच्या एका एजंटच्या खोलीचा, आणि गावाच्या जागी इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की ते कोणत्याही गावाचं नाव वाटेना. जिल्हा जबलपूर. तिकडे पाठवलेली पत्रं परत आली. घरचं कोणी घ्यायला येणार नसेल तर त्याला मुंबईच्या विमानतळावर सोडायचं कोणाच्या भरवशावर? स्वतःचं नाव सांगता न येणारा माणूस तिथून कुठे जाईल? मालक म्हणाला, इन्शाल्ला काहीतरी होईल. सिस्टर माझ्याकडे बघत होती.

मी आधी तेच केलं जे कोणीही करेल. नावं घेतली. जबलपूर? नाही. दमोह? थोडं थांबून, ‘हओ’. पण सागर म्हटलं तरी ‘हओ’, आणि कटनी म्हटलं तरी. नावं त्याच्या डोक्यातून निसटून गेली होती. कोणतंही नाव ओळखीचं वाटलं की तो हो म्हणत होता, मला बरं वाटावं म्हणून. घरी आल्यावर मी लेकीचा शाळेचा अ‍ॅटलास उघडला. ती माझ्या मागून वाकून बघत होती. म्हणाली, “आई, इट्स नॉट इन हिअर.” दमोह त्यात नव्हतंच. त्या दिवशी कणीक मळताना मला वर्गात उभं केल्याचं आठवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी नावं सोडून दिली.

मी त्याला पाण्याचं विचारलं. घराजवळ नदी आहे? ‘हओ.’ बाजार कुठे भरतो, नदीच्या खाली की वर? त्यानं डाव्या हातानं उतार दाखवला. पाणी जातं तिकडे. बाजाराच्या गावाला काय आहे? त्यानं पलंगाच्या लोखंडी कडेवर बोटानं टकटक केलं, मग हात उंच नेला, मग दोन बोटं एकमेकांना जोडली. मला कळायला वेळ लागला. दगड, उंच काहीतरी, दोन नद्या मिळतात. मी म्हटलं, चौथऱ्यावरचं जुनं दगडी देऊळ? आणि तो हसला. पक्षाघातानंतरचं वाकडं हसू, पण हसू. वर्गाच्या सहलीत नोहट्याला तू आम्हा मुलींना त्याच देवळाच्या सावलीत बसवून डबा खायला लावला होतास, आणि ते हजार वर्षांचं आहे म्हणालीस तेव्हा कोणाचा विश्वास बसला नव्हता.

आता फक्त एवढंच, की नोहट्याच्या कोणत्या बाजूला. पासपोर्ट म्हणत होता जबलपूर, म्हणजे आग्नेयेला. मी विचारलं, सकाळी बाजाराला निघालात की ऊन कुठे लागतं? त्यानं डावा हात डोळ्यांपुढे धरला. आणि संध्याकाळी परतताना? त्यानं पुन्हा हात डोळ्यांपुढेच धरला. जाताना सूर्य समोर आणि येताना सूर्य समोर, म्हणजे गाव नोहट्याच्या पश्चिमेला. जबलपूरच्या बाजूला असतं तर दोन्ही वेळा ऊन पाठीवर लागलं असतं. पासपोर्टात सगळा जिल्हाच चुकीचा होता. मला इतका आनंद झाला की मी फायलींच्या खोलीतून एक मोठा कागद आणि रंगीत पेन्सिली आणल्या आणि तुझा नकाशा जसाच्या तसा काढला. नोहटा, देऊळ, संगम, वर पश्चिमेला ब्यारमा. आणि तिथे आल्यावर माझा हात थांबला, कारण पुढे तुझ्या नकाशात काहीच नव्हतं. मी हिरवी पेन्सिल घेतली, तो भाग भरला आणि त्याला म्हटलं की इथे तर जंगल आहे, कक्का.

त्यानं मान हलवली. जोरात, दोनदा. डावा हात पुढे केला. मी काळी पेन्सिल दिली. बोटं नीट चालत नव्हती, पण त्यानं हिरव्यावर एक ठिपका काढला आणि म्हणाला, ‘घर’. नदीच्या कडेनं सरकत दुसरा ठिपका काढला. ‘घर.’ तिसरा, नदीपासून आत. ‘घर.’ असे अकरा ठिपके काढले, प्रत्येक ठिपक्यावर थांबला, प्रत्येक वेळी तोच एक शब्द. मग पाचव्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली आणि ती तशीच धरून स्वतःच्या छातीकडे बघितलं. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती आत आली नाही.

त्याच्या डाव्या दंडावर गोंदण होतं, विंचवाचं. मी विचारलं, गोंड? ‘हओ.’ तू ज्या हिरव्यावर छडी ठेवून म्हणायचीस की इथे गोंडांचं राज्य होतं, त्याच हिरव्याखाली ही अकरा गावं होती, आणि त्यांतली माणसं तेव्हाही सकाळी डोळ्यांवर ऊन घेत नोहट्याच्या बाजाराला चालत येत होती. आपण दोघींनी त्या बाजारातून बोरं घेतली आहेत, आई. कोणाकडून घेतली, हे तू विचारलं नाहीस. तू सगळ्यांना पाण्याबद्दल विचारायचीस.

मी नोहट्याच्या पोस्टमास्तरांना हिंदीत पत्र लिहिलं. पासपोर्टवरचं नाव, ते खरं असेल तर, माणूस कसा दिसतो, विंचू, मेंढ्या, नऊ वर्षं, आणि त्या कागदाची छोटी नक्कल काढून पाचव्या ठिपक्याभोवती वर्तुळ केलं. गावाचं नाव लिहायला नव्हतंच. घरी यांनी ते वाचलं आणि म्हणाले की ठिपक्याला पत्र पोचत नसतं. खोटं नव्हतं ते. महिना गेला, काही नाही. इस्पितळाला खाट हवी होती. त्याला दुसरीकडे हलवायचं बोलणं सुरू झालं. सिस्टर रोज त्याच्या पायाचा व्यायाम करून घ्यायची आणि मला रोज विचारायची, आणि मी रोज नाही म्हणायचे. मग एका दुपारी जाडसर निळं एअरमेलचं पाकीट आलं. लिहिणारे तिथल्या शाळेचे मास्तर होते. पोस्टमास्तरांनी माझा कागद जंगलाच्या बाजूला जाणाऱ्या पोस्टमनकडे दिला, आणि तो प्रत्येक गावात तो दाखवत गेला. पाचव्या गावात एक बाई पुढे आली आणि म्हणाली की हा तिचा नवरा, विंचू तिच्यासमोर गोंदला होता. मास्तरांनी नोहट्याच्या टेलिफोन बूथचा नंबर दिला होता, आणि लिहिलं होतं की येत्या बाजाराच्या दिवशी दुपारी ती तिथे बसलेली असेल.

त्या दिवशी आम्ही त्याला चाकांच्या खुर्चीतून वॉर्डाच्या टोकाच्या फोनपाशी नेलं. मी कार्ड घालून नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या कानाला धरला. माझा चेहरा इतका जवळ होता की मला पलीकडचं ऐकू येत होतं. आधी बाजाराचा गलका, मग बूथवाल्याचा आवाज, मग तिचा. तिनं हाक मारली. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. ती पुन्हा बोलली, जरा रागानं, नऊ वर्षांचा राग असणारच. “काय, बोलत काय नइयां?” बोलत का नाही, म्हणून. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला. मी रिसीव्हर घेतला. तिला सांगितलं की यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, पण बोलणं गेलं आहे, आणि उजवी बाजूही गेली आहे. मग ती म्हणाली, “उनसें कइयो, बोल हम लैहैं. बे बस आ जाएं.”

त्यांना सांग, बोलायचं मी बघेन. ते फक्त येऊ देत. मी हे त्याला सांगितलं, जरी त्यानं ते ऐकलं होतं. तो म्हणाला, ‘हओ’. मी पुन्हा रिसीव्हर त्याच्या कानाला लावला, आणि त्यानं तोच शब्द तिला म्हटला. नंतर कार्डावरचे पैसे संपेपर्यंत ती बोलत राहिली आणि तो हओ म्हणत राहिला.

सिस्टर तिची वार्षिक सुट्टी पंधरा दिवस आधी घेऊन त्याच्याबरोबर मुंबईपर्यंत गेली. मालकानं दोघांचं तिकीट काढलं, आणि निघताना त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा राहिला. विमानतळावर त्याचा मेहुणा आणि ते मास्तर आले होते, रेल्वेनं दीड दिवस प्रवास करून. सिस्टरनं मला परत आल्यावर सांगितलं की मेहुण्यानं त्याला पाठीवर घेतलं आणि खुर्ची नको म्हणाला. पुढे मास्तरांचं एक पत्र आलं. काठी धरून नदीपर्यंत जातो, असं लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं, आणि मग पत्रव्यवहार थांबला, जसा थांबतो.

मी तुझ्यावर रागावले होते, काही दिवस. मग वाटलं, तुझी बस डांबरी रस्त्यानं जायची, आणि तो रस्ता जिथे संपायचा तिथे तुझा हिरवा रंग सुरू व्हायचा. बोटाला मूल धरून तू पुढे किती चालणार होतीस? पण मला हेही वाटतं की मी तुला हे सांगितलं असतं तर तू वाद घातला नसतास. पुढच्या रविवारी पहाटे उठून डबा भरला असतास, काळी शाई घेतली असतीस, आणि अकराच्या अकरा गावांची नावं विचारून आली असतीस. मला ती नावं अजून माहीत नाहीत. मास्तरांच्या पत्रात त्या एका गावाचं नाव होतं, पण ते पाकीट घर बदलताना कुठे गेलं ते कळत नाही. वसईच्या सिस्टरला विचारलं तर ती म्हणते, नाव काय करायचंय, माणूस पोचला ना.

दर दोन वर्षांनी मी दमोहला जाते, तुला ठाऊक नाही. आता जबलपूरपर्यंत विमानानं, आणि तिथून बसनं. बस नोहट्याला दहा मिनिटं थांबते. कंडक्टर चहाला उतरतो, बायका भाजीच्या टोपल्या वर चढवतात, आणि खिडकीतून देवळाचा चौथरा दिसतो. तिथून पश्चिमेला चालत गेलं तर अर्ध्या दिवसाची वाट असेल, आता तर म्हणे जीपही जाते. यंदा लेक बरोबर होती. तिनं विचारलं की आपल्याला इथे उतरायचंय का. मी म्हटलं, नाही, आपलं इथे कोणी नाही. आई, असं न उतरता मी आतापर्यंत चार वेळा पुढे गेले आहे.